मॅनरच्या संडासातली माती

इंग्लंडमधल्या वॉटफर्डजवळच्या एका शेतात घरं बांधायची होती. त्याआधी उत्खनन झालं, तर तिथे मध्ययुगातल्या एका लॉर्डचं मॅनर हाऊस निघालं. निघालं म्हणजे काय, वाडा कधीच पाडलेला, दगडसुद्धा लोकांनी वाहून नेलेले. उरले होते पायाचे चर आणि संडासाचा खोल खड्डा. मी हौसेने शनिवारची व्हॉलंटियर झाले होते.

माझ्या वाट्याला त्या खड्ड्यातली माती आली. चाळणीत घालून पाणी सोडायचं आणि वर राहील ते वेचायचं. माशांचे काटे, फळांच्या बिया. पाणी पडलं आणि वास उठला. इतक्या शतकांनंतरही तोच, ओळखीचा. कुंपणाशी जाऊन मी भडाभडा ओकले.

"नशीबवान आहेस," सुपरवायझर बाई हसून म्हणाल्या. "इतका छान टिकलेला संडास क्वचित मिळतो!"

लोकांना उत्खनन दाखवायच्या ओपन डेला बाबांना घेऊन गेले. ते नुकतेच नागपूरहून आले होते. खड्ड्याभोवती गर्दी होती.

"लॉर्ड काय खायचा ते आम्ही सांगू शकतो," बाई म्हणत होत्या. "अंजीर! हेरिंग मासे!"

लोक खिदळत होते. एकाने नाक दाबून सेल्फी काढला.

बाबांनी हात वर केला. "हा साफ कोण करायचं?"

"असेल कुणी गडीमाणूस. त्यांना वासाची सवय होऊन जायची."

"नाही होत," बाबा म्हणाले. "माझे वडील नगरपालिकेत मैला उचलायचे. बत्तीस वर्षं. समोरचं ताट तसंच सारून उठायचे."

हे मी बाबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. हसणं थांबलं. बाईंचे डोळे मात्र चमकले.

"किती इंटरेस्टिंग! प्रदर्शनासाठी तुमचं रेकॉर्डिंग करू या का?"

मला त्या खड्ड्यापेक्षा बाईंची किळस आली. बाबा नको म्हणाले आणि चालू लागले.

बस स्टॉपवर त्यांनी विचारलं, "ती माती तूही धुतेस?"

"हो."

"कुणी लावलं तुला या कामाला?"

"कुणी नाही, बाबा. हौस म्हणून."

"हौस?"

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. बस आली तेव्हा माझ्या शेजारची सीट सोडून मागे जाऊन बसले.

मी पुन्हा गेले नाही. दोन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. "वासामुळे सोडलंस का?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.