मधल्या वाटेवरची ठकठक

काल मेट्रो स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर कुणाच्या तरी कुबडीची ठकठक ऐकली आणि मी थेट डेक्कनच्या थिएटरात, आत्याशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

आत्याला लहानपणी पोलिओ झालेला, तेव्हापासून काखेत कुबडी. तिला रहस्यपटांचं वेड होतं. पडद्यावर अंधारात कुणी लंगडत आलं की ती पुटपुटायची, "आला खुनी. आमच्याशिवाय यांचं पान हलत नाही." आणि बहुतेक वेळा तो खुनीच निघायचा. सिनेमा संपला की थिएटर पूर्ण रिकामं होईपर्यंत आम्ही बसून राहायचो.

त्या दिवशीच्या जुन्या कृष्णधवल सिनेमात मात्र कुबडी घेतलेल्या बाईनंच खुन्याला शोधून काढलं. आत्या एकदाही पुटपुटली नाही. खाऱ्या दाण्यांची पुडी तिच्या हातात तशीच राहिली.

दिवे लागले. "चल," म्हणत ती सगळ्यांच्या आधी उठली आणि मधल्या वाटेनं ठक, ठक निघाली. आमच्यामागे सगळं थिएटर थांबून होतं. मला वाटलं, तिला कोथरूडची बस गाठायचीय. आता कळतं, इतक्या सावकाश ती कधीच चालली नव्हती.