दाजींचे आठशे मीटर

माझ्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट न मोजता मान्य केलेली नाही. जमीन मोजायच्या सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण हाताची सवय काही सुटली नाही. ताईशी लग्न लागलं तेव्हा अक्षता पडल्या-पडल्या ते माझ्या कानात म्हणाले होते, "पाव्हणं, मांडववाल्यानं दीड हात हाणला बघा." नोकरीत ज्या साखळीनं जमिनी मोजल्या, ती खात्यानं मोडीत काढलेली वीस मीटरची लोखंडी साखळी त्यांनी हौसेनं मागून आणली आणि तिसगावच्या घरात देवघराशेजारी टांगली. ताई तिला सवत म्हणते.

माझ्या भाचीनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं आणि साखळी पुन्हा खाली उतरली. वयाच्या अटीमुळे ही तिची पहिली आणि शेवटची भरती होती. शर्यत आठशे मीटरची. दाजींनी पाझर तलावाकडेच्या गाडीवाटेवर चाळीस साखळ्या मोजून दोन्ही टोकांना चुना फासलेले दगड रोवले. आता वेळ धरायला घड्याळ हवं होतं, आणि मी नगरला राहतो म्हणून ते काम माझ्याकडे आलं. नुकतं पळायला लागलेल्या पोरीला पुरेल असं, स्वस्तातलं.

पहिलं घड्याळ दाजी भजनाला घालून गेले. तासभर टाळ वाजवले तर घड्याळ म्हणालं, दीड किलोमीटर चाललात. "बसल्या जागी? परत करा!" दुसऱ्याला स्वतःचं जीपीएस होतं, म्हणजे मोबाईल घरी ठेवून पळता येत होतं, पण घामेजल्या बोटांना ते दाद देईना, शिवाय वाट आठशे सोळा मीटर दाखवी. तिसऱ्याला बटण होतं, भर उन्हात आकडे दिसत होते. तेही आठशे सोळाच म्हणालं. "सोळा मीटर काय याच्या बापानं मोजलं? सगळी लबाड जात!" दोन निरनिराळी घड्याळं नेमकं एकच खोटं कसं बोलतील, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण दुकानदार मला पाहिलं की आत जायला लागला होता, म्हणून तिसरं राहिलं.

पोरगी रडकुंडीला यायची. "आप्पा, टाइम बसत न्हाई वो, चार सेकंद जास्तच लागत्यात." दगडाशी उभे असलेले दाजी म्हणायचे, "दगडाला हात लावल्याबिगर थांबायचं न्हाई." मला त्यांचा रागच यायचा.

भरतीच्या दिवशी तिचा फोन आला. "मामा, आठशे कवा संपलं कळलंच न्हाई, दम उरला हुता!" ती निवडली गेली. मला शंका आली, म्हणून टेप घेऊन गेलो. साखळी चाळीस सेंटिमीटर जास्त भरली. ओढून ओढून तिच्या कड्या ताणल्या होत्या. पोरगी रोज सोळा मीटर फुकटची पळत होती.

मी हसलो, पण दाजी हसले नाहीत. जेवताना म्हणाले, "म्या कुनाचा बांध तर सरकवला नसंल ना?" म्हणून तर खात्यानं ती मोडीत काढली, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही.

आता भाची ट्रेनिंगला गेली आहे. जाताना तिनं घड्याळ आप्पांच्या मनगटावर बांधलं. परवा मी त्यांच्याबरोबर त्या वाटेनं फिरायला गेलो. त्यांच्या मनगटाकडे बघून म्हणालो, "दाजी, झाले की आठशे." ते थांबले नाहीत.

"घड्याळ बराबर हाय, पाव्हणं. पन पोरगी त्या दगडापतुर पळायची."

ते तसेच पुढं गेले, दगडाला हात लावला, आणि ती पळत यायची त्या वाटेकडं तोंड करून बराच वेळ उभे राहिले.