तीन गड्यांची सावड

चिमाबाईच्या तोंडाला लागायची वाडीत कुणाची छाती नव्हती. शब्द खाली पडू द्यायची नाही बाई. पण अडुसष्ट सालच्या आषाढात तीच चिमाबाई दारोदार पदर पसरत फिरली, तेही भाताच्या आवणीच्या, रोपं लावायच्या, ऐन घाईत.

कारण होतं हिरी, तिची नऊ वर्षांची लेक. मान ठरत नव्हती, हातपाय आखडलेले, आणि घोटभर पेज पाजली तरी ठसका लागून डोळे पांढरे व्हायचे. पुण्याचे डॉक्टर अशा मुलांना तपासायला रविवारी लोणावळ्यातल्या एका शाळेत येणार, दुपारी एकपर्यंतच थांबणार, असं खालच्या गावच्या गुरुजींनी सांगितलं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी हिरीसाठी येणार होतं.

वाट तीन तासांची, त्यात निसरडी. आदल्या वर्षी चिमाबाईने पोरीला पाठीशी बांधून खाली दवाखान्यात न्यायला काढलं, तर उतारावर हिरीचं अंग एकाएकी ताठ झालं आणि मायलेकी घसरत जाऊन करवंदीच्या जाळीत अडकल्या. तेव्हा आता झोळीच हवी. बांबूला घोंगडी बांधायची, दोघांनी उचलायची, दोघांनी पालटायची. एक खांदा नवऱ्याचा, शिदूचा. बाकीचे तीन गडी आणायचे कुठून?

वाडीत मजुरी कुणी देत नसे, सावड चाले. तुझ्या शेतात मी एक दिवस, माझ्या कामाला तू एक दिवस. चिमाबाईने तीच बोली केली. गोविंदा आणि बुधा लगेच कबूल झाले. भिकाजी मात्र अडून बसला. चहा दिला तरी कपाखाली काही दडवलंय का ते बघणारा गृहस्थ तो.

“पोर बरी व्हनार हाय का?” त्याने विचारलं.

“न्हाई ठावं, भाऊ.”

“मंग कशापायी?”

“घास नीट गिळला तरी लय झालं.”

भिकाजीने मळलेली तंबाखू गालात धरली. मग म्हणाला, “शुक्रवारी ये आवणीला.”

तीन दिवस तिने तिघांची शेतं लावली. घरी हिरीजवळ सासू, सावित्राबाई, डोळ्यांनी अधू. मी आल्याबिगर पोरीच्या तोंडात काय घालू नगा, असं चिमाबाईने तिला दहादा बजावलं होतं. तरी पोर रडली आणि म्हातारीला दया आली तर? चार रोपं लावली की ती कंबर सरळ करून घराकडे बघायची. दुपारी धावत जाऊन पेज पाजायची आणि तशीच चिखलाच्या पायांनी परत यायची. जीव नुसता टांगणीला लागलेला.

रविवारी ओढ्याला पाणी चढलेलं. ते उतरायची वाट बघण्यात तास गेला. चिमाबाईला कुणाला घाई करायची सोय नव्हती. पोर त्यांच्याच खांद्यावर होती. शाळेत पोचले तेव्हा टेबलं आवरायला घेतली होती.

डॉक्टरीणबाईंनी मात्र पुन्हा खुर्ची मांडली. हिरीला मांडीवर बसवलं, मानेमागे हात दिला, हनुवटी जराशी खाली धरली आणि चिमाबाईने बरोबर आणलेली पेज चमच्याने भरवली. हिरीने गिळली. ठसका लागला नाही. दुसरा चमचा, तिसरा चमचा. नऊ वर्षं आपण पोरीला आडवं निजवून पाजत आलो, हे चिमाबाईला तेव्हा कळलं आणि तिला रडू फुटलं.

“एकदा येऊन भागायचं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आम्ही दर महिन्याला येणार आहोत. खंड पडला तर अंग आणखी आखडेल. आणाल ना?”

दर महिन्याला. दर महिन्याला तीन गडी. चिमाबाई हिशेब करू लागली. तिने दाराकडे पाहिलं. चौघे तिथेच पावसाने निथळणारी इरली घेऊन उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. शिदू खाली बघत होता.

भिकाजी खाकरला.

“म्होरल्या म्हयन्यात माज्या नाचणीची खुरपनी हाय, चिमाबाय,” तो म्हणाला. “येशील नव्हं?”

चिमाबाईने पदराने डोळे पुसले आणि ती डॉक्टरीणबाईंकडे वळली.

“आणते,” ती म्हणाली.