मालकाच्या रकान्यातलं नाव

बेवारस या शब्दाचा एवढा धसका घेतलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. आमच्या ऑफिसातले मामा. तसे ते तिथे कुणाचेच मामा नव्हते. पण राहुरीकडचा, पन्नाशीचा, खिशात कायम दोन पेनं बाळगणारा हा गृहस्थ आमचा संगणक विभाग सांभाळायचा, आणि कंपनीचे मालकही त्यांना मामाच म्हणायचे. धनी नसलेली वस्तू दिसली की मामांचा पाय तिथून हलत नसे. ऑफिसच्या फ्रिजमध्ये विसरलेला डबा ते घासून आणत आणि मजलाभर विचारत फिरत. सिटी बसमध्ये राहिलेल्या छत्र्यांनी त्यांच्या टेबलाखालची जागा अशी भरली होती की मामा पाय बाहेर काढून बसत. एकदा एका लग्नात मांडवाच्या दाराशी पडलेली पिशवी पाहून ते तिच्या राखणीलाच उभे राहिले. पंगती उठल्या, नवरी वाटेला लागली, मामा उपाशीच. शेवटी मामी शोधत आल्या आणि म्हणाल्या, "अवो, ही आपलीच हाय." मामांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मालकीण सापडली, एवढंच ते म्हणाले.

आमची कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्राम बनवते आणि मी तिचे हिशेब पाहतो. हे प्रोग्राम दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर चालतात. एकेक प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट जणू एका डब्यात भरलेला असतो, त्याला कंटेनर म्हणतात. आणि असे डबे मिळून चालवणाऱ्या यंत्रांच्या जुडीला क्लस्टर. आमचे असे तीन क्लस्टर. भाडं दर महिन्याला वाढत होतं आणि बिलात मात्र एकच ठोक आकडा. ठोक आकडा मला सहन होत नाही. कोणत्या कामाला किती लागले ते दाखवा, असा लकडा मी मामांमागे लावला. तोडगा म्हणून एजंट बसवायचं ठरलं, म्हणजे प्रत्येक यंत्रावर बसून कोण किती वापरतं याची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्राम. एजंट म्हटल्यावर मालकांनी आधी त्याचं कमिशन किती ते विचारलं. मामांनी समजूत घातली, "एजंट कसला साहेब, तलाठी हाय त्यो. नुसता लिवतो. कुनाच्या बांधाला हात लावत न्हाई."

बसवण्यातही मामांची तऱ्हा होतीच. चाचणीच्या क्लस्टरवर एजंट बसवून ते तीन दिवस त्याच्याकडेच बघत राहिले, कारण तलाठी स्वतःच जास्त खातो की काय अशी त्यांना शंका होती. मग उरलेल्या दोन क्लस्टरांवर बसवला. आठवड्याने पहिला तक्ता निघाला. त्यात तीन रकाने होते, काम, मालक आणि खर्च. कुठलं काम कुणाचं हे मामांनी भरायचं होतं. ते प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारून आले. बऱ्याच ओळींना कुणी वाली निघाला नाही. लिहिणारी मंडळी नोकरी सोडून पुण्याला गेलेली, त्यांचे डबे मात्र चालूच. अशा ओळींपुढे एजंट आपणहून 'मालक नाही' असं छापायचा.

चहाच्या टपरीवर मामांनी हे मला सांगितलं होतं. "भाऊ, सातबाऱ्याला नाव नसलं का कुनीबी नांगर घालतं. कुटला डबा कशाला लागतोय ते कळंपत्तुर त्या वळींवर माझंच नाव चढवलंय." मी हो म्हणालो. तेव्हा मी खिशातल्या कागदावर नव्या तक्त्याची बेरीज त्या आठवड्याच्या भाड्याशी जुळते का ते पाहत होतो. ती पै-पैशाने जुळत होती, आणि त्या आनंदात मामांचं बोलणं माझ्या कानांवरून गेलं.

महिन्याच्या बैठकीत तक्ता मीच वाचला. आकडा आहे तसा वाचावा, हा माझा शिरस्ता. शंभरातले एकेचाळीस रुपये एकट्या मामांच्या नावावर, असं मी वाचलं.

"मामा, एवढं सगळं तुमचं?" मालकांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. टपरीवरचं बोलणं मला नेमकं तेव्हा आठवलं. एका वाक्याचं काम होतं. पण आपणच वाचलेल्या तक्त्यात खोट आहे असं भर बैठकीत म्हणायला माझी जीभ रेटेना. मी मान खाली घालून बेरीज पुन्हा तपासली.

"नावावर तर माझ्याच हाय," मामा म्हणाले.

त्याच आठवड्यात मालकांनी क्लस्टरचा सगळा ताबा मामांकडून काढून घेतला आणि त्यांना तक्रारींच्या फोनवर बसवलं. त्यांच्या नावावरची कामं एकजात बंद केली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून केंद्रांचे फोन सुरू झाले, दुधाची पावतीच निघेना म्हणून. ते फोन घ्यायलाही मामाच होते. प्रत्येकाची क्षमा मागत त्यांनी कोणता डबा पुन्हा चालू करायचा ते एकेक करून सांगितलं. डबे परत जागेवर आले, मामा आले नाहीत. तीन महिन्यांनी राजीनामा देऊन ते राहुरीला गेले. त्यानंतर कुठे मी प्रत्येक ओळीचा खरा धनी शोधून दुरुस्त तक्ता मालकांपुढे ठेवला, चूक माझी असं लिहूनही दिलं. त्यांनी तो वाचला, बरं झालं म्हणाले, आणि नवा माणूस चांगलं काम करतोय असंही म्हणाले.

गेल्या महिन्यात मी राहुरीला जाऊन आलो. मामा तिथे एका दुकानात प्रिंटर दुरुस्त करतात. काय बोलायचं ते मी घरूनच जुळवून नेलं होतं. मामांनी ते अर्ध्यातच थांबवलं, स्टूल पुसून पुढे केलं, चहा सांगितला.

"बेरीज बरूबर हुती ना साहेब? मग झालं."

त्यात कुठे खोच नव्हती. मी नीट ऐकत होतो. अकरा वर्षं ते मला भाऊ म्हणत आले होते. मग आम्ही मुळा धरणातून शेतीच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार याबद्दल बराच वेळ बोललो. निघताना ते स्टँडपर्यंत आले, मला खिडकीची जागा धरून दिली आणि बस सुटेपर्यंत खाली उभे राहिले.

"सावकाश जा साहेब," म्हणाले.