साडूंचा संघ आणि पल्लवीची सोयरीक

बुलडाणा जिल्ह्यात हॉकीपायी सगळ्यात जास्त रक्त कोणी आटवलं असेल, तर ते माझ्या साडूंनी. आणि हॉकीची स्टिक त्यांनी आयुष्यात एकदाच हातात धरली, तीही दुकानात शिरलेलं माकड हाकलायला. माकड ती स्टिक घेऊनच पळालं. धामणगाव बढ्याला त्यांचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे, शेतात बारमाही पाण्याची विहीर आहे, घरात माझ्या बायकोची मोठी बहीण आहे. म्हणजे माणसाने सुखात राहावं असं सगळं आहे. पण दर हिवाळ्यात आजूबाजूच्या गावांच्या संघांची साखळी स्पर्धा सुरू होते, तिच्यात त्यांच्या गावचा संघ उतरतो, आणि भाऊंचं सुख (मी त्यांना भाऊ म्हणतो) मैदानाच्या काळ्या भेगांत जे जाऊन पडतं, ते थेट शिवरात्रीलाच वर येतं.

संघ सरळ वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट संघाची माणसाला सवय होते. हा संघ सुरुवातीचे सामने असा खेळतो की गावातली म्हातारी माणसंही पारावरून उठून मैदानावर येतात. मग स्पर्धा मध्यावर आली की त्याला काय होतं देव जाणे. एका रविवारी खामगावच्या तगड्या संघाला लोळवून येतो, आणि दुसऱ्या रविवारी अशा संघाकडून मार खातो की ज्याने गोलरक्षक म्हणून कबड्डीतला गडी उसना आणलेला असतो. भाऊ मला म्हणतात, "पाव्हणे, हारले तं मले कमी तरास होते. जिंकले का मंग पोटात गोळा येते. आता पुढच्या आयतवारी काय करून ठेवतीन हे?" तेव्हा हरले तर एक चिंता, जिंकले तर दुसरी, आणि बरोबरी झाली तर दोन्ही. अशा दिवसांत दुकानात एखादा कापूसवाला शेतकरी येऊन म्हणतो, "भाऊ, पराटीचे पानं लाल पडून राह्यले, काय देता?" तर भाऊ चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "तुह्या पानायचं सोड बे. आपली हाफलाईन पाह्यली काय काल? मैदानात होती तरी काय ते?" तो बिचारा हाफलाईनचं दुःख ऐकून रिकाम्या हाताने परत जातो, आणि संध्याकाळी भाऊंच्या बायकोच्या हातून औषध नेतो. ताईला, म्हणजे माझ्या मेहुणीला, हल्ली सगळ्या औषधांची नावं पाठ आहेत.

सामना बघणं त्यांच्या नशिबात नाही असंच म्हणायला हवं, कारण ते मैदानावर असतात पण बघत नाहीत. पेनल्टी कॉर्नर मिळाला, मग तो आपल्याला असो की समोरच्याला, की भाऊ मैदानाकडे पाठ करून उभे राहतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. गोल झाला की नाही हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून वाचायचं असतं. मी बुलडाण्याला पाटबंधारे खात्यात नोकरी करतो, माझ्या चेहऱ्यावर सहसा काहीच नसतं, त्यामुळे त्यांचे हाल होतात. एकदा मी तपकिरी स्वेटर घालून गेलो होतो आणि संघ जिंकला. तेव्हापासून भर दुपारच्या उन्हात मी ते स्वेटर घालून राजूरचा घाट उतरतो, आणि घरी जाईपर्यंत अंगावर घामोळं येतं. एकदा बॉल रेषेबाहेर उसळून भाऊंच्या नडगीवर लागला. माणूस कळवळला, डोळ्यांत पाणी आलं, पण जागचा हलला नाही. कारण त्या जागी उभे असतानाच आपण एका गोलने पुढे गेलो होतो. आणि संघ हरला की ते जेवत नाहीत. रुसून नव्हे, घास उतरत नाही म्हणतात. मोटरसायकलचा स्टँड अंगणात कसा लागला यावरूनच ताईला निकाल कळतो. ती मुकाट्याने ताट झाकून ठेवते आणि स्वतःही तशीच बसून राहते.

अशा माणसाच्या घरी मी स्थळ घेऊन गेलो. त्यांची मुलगी पल्लवी बी.एस्सी. होऊन घरीच होती, आणि शेजारच्या गावचा शुभम हा त्याच संघाचा फुलबॅक. उंचपुरा, कमी बोलणारा. पेनल्टी कॉर्नरही तोच मारतो. त्याला अमरावतीला खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरी लागली होती, स्पर्धा संपली की रुजू व्हायचं होतं. त्याचे वडील माझ्या ओळखीचे, पल्लवी माझ्या बायकोची भाची; मध्यस्थी माझ्याकडे आपोआप चालून आली. आता मी मूळचाच अपराधी मनाचा माणूस. शेजाऱ्यांकडे दूध नासलं तरी मला वाटतं, सकाळी मीच त्या पातेल्याकडे पाहिलं होतं. मी मध्यस्थ व्हायलाच नको होतं. त्यात पाहण्याचा कार्यक्रम ठरला तो नेमका खामगावला हरवल्याच्या दिवशी संध्याकाळी. पल्लवीने चहा आणला, मुलाने तो न सांडता घेतला, दोघं गच्चीवर जाऊन थोडं बोलून हसतमुखाने खाली आली. भाऊंनी मला बाजूला घेऊन माझे दोन्ही खांदे दाबले. "पाव्हणे, पोरगं म्हंजे भिंत हाय भिंत. ठरलं समजा. पुढच्या हप्त्यात साक्षगंधाची तारीख काढू." साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा.

पुढच्या आठवड्यात संघ हरला. शुभमच्या स्टिकखालून बॉल सुटला आणि गोल झाला. सोमवारी सकाळी मी ऑफिसात पोचायच्या आत भाऊंचा फोन. "थांबा जरा. घाई नोका करू."

"काऊन हो भाऊ? काय झालं?"

"काय झालं म्हंता? गोलासमोर आलेला बॉल ज्याले धरता येत नाही, तो संसारात काय धरन?"

त्यानंतरच्या रविवारी शुभमने दोन गोल मारले, तर "सोनं हाय पोरगं, सोनं" म्हणून भाऊंनी मंडपवाल्याकडे चौकशी केली. त्यापुढच्या रविवारी चिखलीकडून हरले, तर मंडपवाल्याला नको म्हणून कळवायचं काम माझ्याकडे आलं. गुरुजींनी सुचवलेले मुहूर्त एकामागून एक निघून चालले. ताई मला फोनवर म्हणाली, "तुमीच समजावा हो त्याईले. मह्या पोरीचं लगन हाय का सामना?" मी काय समजावणार? मला तर प्रत्येक गोल आपल्याच हातून झाल्यासारखा वाटत होता. कचेरीत फाईल उघडली तरी मनात शुभमची स्टिक दिसायची. पल्लवीशी बोलायची मला हिंमत होत नव्हती. तिला तो मुलगा आवडला होता, हे सगळ्यांना कळत होतं. ती त्याच्याशी फोनवर बोलते हेही ताईला माहीत होतं. फक्त भाऊंना वाटे, अजून आपण विचार करत आहोत.

शेवटी मुलाच्या वडिलांचा मला फोन आला. आवाज शांत होता, त्यामुळे मी जास्त घाबरलो. "हे पाहा, तुमच्यावर राग नाही. पन हो म्हना नाहीतं नाही म्हना. जळगाव जामोदहून एक स्थळ आलं हाय, त्याईले किती दिवस लटकून ठेवू? आयतवारी संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतं आमी तिकडं जातो."

रविवारी सामना होता मलकापूरशी. मी भाऊंना घाटातूनच फोन करून निरोप सांगितला. ते म्हणाले, "ठीक हाय. आज पाहू." म्हणजे पल्लवीचा निकाल आता मलकापूरच्या अकरा मुलांच्या हाती गेला होता. मी घाटातल्या देवीसमोर गाडी थांबवून हात जोडले. देवीकडे गोल मागावा, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच सुचलं.

पहिल्या अर्ध्यात आपला संघ असा खेळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन गोल. शुभम भिंतच काय, किल्ला होता. मध्यंतरात भाऊंनी मला शेंगदाणे दिले आणि साक्षगंधाला जेवणात वरण-बट्टी करावी की पुरी, यावर माझं मत विचारलं. मी बट्टी म्हणालो. तेवढ्यात दुसरा अर्धा सुरू झाला, आणि कोणीतरी मैदान बदलून दिल्यासारखं झालं. एक गोल गेला. दुसरा गेला. आमचा गोलरक्षक इरफान ओरडून ओरडून घोगरा झाला, "अरे मागे या रे, मागे या!" पण मागे कोणी आलं नाही. तिसरा गेला. चौथा गेला तेव्हा भाऊंच्या हातातले शेंगदाणे खाली पडले. शिटी व्हायला थोडाच वेळ उरला असताना आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला. मारणार शुभम.

भाऊंनी पाठ फिरवली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. बॉल आला, थांबवला, शुभमने असा मारला की आवाजावरूनच वाटलं, झाला. तो खांबाला लागून बाहेर गेला. मी चेहरा दगडासारखा ठेवायचा प्रयत्न केला. जमलं तर खोटं हसू आणावं असंही मनात आलं.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

मी स्वेटरची बाही ओढली. त्यांनी मान खाली घातली. "राहू द्या. कळलं."

घरी आलो. स्टँड लागला. ताईने काही न विचारता ताटं घेतली आणि दोन्ही झाकून ठेवली. मी पाहुणा म्हणून माझं तेवढं उघडं. भाऊ खाटेवर भिंतीकडे बघत बसले. मी घड्याळाकडे बघत होतो, आणि खिशातला फोन मला निखाऱ्यासारखा वाटत होता. शेवटी धीर करून म्हणालो, "भाऊ, त्यांना काय सांगू?"

"काय सांगता? पाह्यलं ना तुमी."

तेवढ्यात पल्लवी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पुसत म्हणाली, "मावसाजी, तुमी जेवा. थंडं होऊन राह्यलं." मग बापाकडे वळली. "बाबा, मी आत्ता फोन केला होता त्याले."

"कोनाले?"

"शुभमले. जेवून राह्यला होता."

भाऊ ताडकन वळले. "जेवून राह्यला? हारल्यावर?"

"हाव. भरीत होतं म्हने. दोन भाकरी खाल्ल्या."

"आन लाज नाही वाटली त्याले?"

"वाटली ना. वाईट वाटलं म्हने लय. मंग जेवला." तिने हात पुसायचं फडकं खुंटीला अडकवलं. "बाबा, आई हर आयतवारी ताट झाकून उपाशी बसते. मी लहानी होती तवापासून पाहून राह्यली. तुमचा संघ कधी सुधरन ते देवाले माहीत. मले हारून आल्यावर जेवनारा मानूस पायजे."

ताई चुलीकडे तोंड करून उभी होती आणि पदराने काहीतरी पुसत होती, ते भांडं नव्हतं. मला उगाच वाटत होतं की हे सगळं मीच घडवून आणलं. भाऊ खाटेवरून उतरले, ताईजवळ गेले, झाकलेली दोन्ही ताटं स्वतःच्या हाताने आणली आणि एक तिच्यासमोर ठेवलं. "बस," म्हणाले. पहिला घास घेतला. तो उतरायला वेळ लागला, पण उतरला. दुसरा घेता घेता माझ्याकडे न बघता म्हणाले, "लावा पाव्हणे फोन. हो म्हना. आन तो खांबाले लागला म्हना, नाहीतं गोलच होता."

साक्षगंध झालं, तेही रविवारीच. त्या दिवशी संघाचा सामना दुसरीकडे होता आणि शुभम इथे मांडवात होता. पंगत उठल्यावर भाऊ मला गोठ्यामागे घेऊन गेले. मला वाटलं, आता गोल किती झाले ते विचारतील, म्हणून मी खिशातून फोन काढला. त्यांनी हातानेच राहू द्या म्हटलं. नवीन पांढरे कपडे, कपाळावर कुंकू, आणि चेहरा पेनल्टी कॉर्नरला असतो तसा.

"पाव्हणे, तो आता अमरावतीकून खेळन ना?"

"हो. नोकरीच त्यासाठी आहे."

"कधी आपल्या गावाशी सामना लागला तं?"

"लागेल की कधीतरी."

"मंग पल्लवी कोनीकून बसन?"

ही पोरगी चौथीत होती तेव्हापासून ते तिला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून मैदानावर नेत, आणि तिच्या बारीक आवाजापुढे बाकीच्यांचं ओरडणं फिकं पडे, हे सगळं गाव सांगतं. मी घाईने म्हणालो, "तुमच्याच बाजूने बसेल भाऊ. बापाला सोडून कुठं जाते?"

भाऊंनी मान हलवली. मांडवातून पल्लवीच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यांनी तिकडे तोंड फिरवलं.

"नाही," म्हणाले. "तिकूनच बसाव तिनं. मी इकून पाहीन तिले."