माहेरच्या नावांचा तक्ता

सुनेत्रा पेडणेकरला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं की ती हसायची. परळच्या एका कर्करोग संशोधन संस्थेत ती साधी सहायक होती. वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, आई पापड लाटणारी आणि मुलगी बी.एस्सी.! चाळीत त्याचं कौतुक दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवसापासून लोक तिच्या लग्नाची चौकशी करू लागले.

छप्पन साली संस्थेतल्या साहेबांनी तिला काम दिलं. स्तनाचा कर्करोग काही घराण्यांत पिढीजात चालतो का, ते रुग्णांच्या कागदांवरून शोधायचं. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे, गोळीबार, संचारबंदी. आत ही सहाशे केसपेपर घेऊन बसलेली. डीएनएची रचना कळून तेव्हा उणीपुरी तीन वर्षं झाली होती. तिचा आपला एक तर्क होता. साच्यावर धागा तुटतोच, पण सांधणारा हात तयार असला तर कापड बिघडत नाही, हे तिने वडिलांकडून ऐकलेलं. पेशीतला हा धागाही तुटत असणार, सांधला जात असणार आणि काही घरांत ती सांधण्याची ताकदच कमी येत असणार. पुरावा काहीच नव्हता. साहेब म्हणाले, आधी घराणी दाखव.

दोन वर्षांनी तक्ता तयार झाला आणि त्यात घराणी नव्हतीच. एका घरातल्या दोन बायकासुद्धा सापडेनात. साहेबांनी काम बंद करायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात थोरली बहीण माहेरपणाला आली. आई तिला शेवंती म्हणून हाका मारत होती, आणि नवऱ्याचं पत्र आलं ते सौ. सुनंदा राणे या नावाने. सुनेत्राचा घास हातातच राहिला. लग्नात आपण मुलीचं नावही बदलतो आणि आडनावही. सख्ख्या बहिणी वेगवेगळ्या नावांनी मरतात, कागदावर त्या एकमेकींच्या कुणीच नसतात. शिवाय केसपेपर भरताना शेजारी सासू बसलेली. तिच्यासमोर कुठली सून सांगणार, की हे दुखणं आमच्या माहेरचं आहे? याच चाळीत वाढलेल्या मुलीला हे दोन वर्षं सुचू नये म्हणजे कमालच! तिने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या आणि साहेबांकडून आणखी दीड वर्ष मागून घेतलं.

मग ती दारोदार हिंडली. वही पाहून लोकांना वाटे, समितीची कार्यकर्ती आहे. चहा मिळे, तुरुंगात गेलेल्यांची नावं मिळत, हवी ती मिळत नसत.

काळाचौकीची शांता सव्विसाव्या वर्षी गेली होती. तिच्या केसपेपरवर लिहिलं होतं, 'कुटुंबात कोणालाही नाही'. तिचं माहेर नायगावला. तिथे होती आत्या राधाबाई, आईमागे पोरींना वाढवणारी, आणि धाकटी बहीण कांता, एकोणीस वर्षांची, नुकतंच लग्न ठरलेली.

राधाबाईने तिला पाच वेळा चहा पाजून वाटेला लावलं. सहाव्यांदा सुनेत्राने वही पिशवीत घातली आणि सरळ सांगितलं, की अभ्यास मला हवाच आहे, पण कांताला दर सहा महिन्यांनी तपासलं आणि गाठ आलीच, तर ती वेळेवर काढता येईल. राधाबाईने आतल्या खोलीकडे, कांताकडे बोट केलं.

"एकीचा नाव कागदार चढला तर हिका सून कोण करून घेतलो?"

"नाव लिहिणारच नाही," सुनेत्रा म्हणाली.

तेव्हा कुठे राधाबाईने बोटांवर मोजलं. पोरींची आई, दोन मावश्या, थोरली कौसल्या, मग शांता. पाच बायका, पाच आडनावं. तिघींचे कागद सुनेत्राच्या सहाशेत होते. कांता दाराआडून ऐकत होती. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. तपासायला मात्र राधाबाईने तिला पाठवलं नाही. आधी लग्न होऊ दे, म्हणाली.

तक्त्यात सुनेत्राने प्रत्येक बाईसाठी एक वर्तुळ काढलं, दुखणं झालेलीचं काळं, खाली नुसते आकडे. साहेब हरखले, पण पडताळणीसाठी त्यांना नावं हवी होती. तिने दिली नाहीत. साहेबांनी शोधनिबंध छापायला पाठवला, तेव्हा त्यावर तिचं नाव नव्हतं. अशा माणसांचे फोटो संस्थांच्या भिंतींवर लागत नाहीत, पण संस्था उभ्या असतात त्या यांच्याच जिवावर.

साठ सालच्या मे महिन्यात, नव्या राज्याची तोरणं अजून परळमध्ये लटकत असताना, कांता एकटीच संस्थेत आली. सोयरीक मोडली होती. तिने स्वतःच मुलाला सगळं सांगून टाकलं होतं. सुनेत्रा तिला आत घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, काही नव्हतं. सहा महिन्यांनी परत ये, म्हणाले.

निघताना कांताने तक्ता पाहायला मागितला. पाच काळी वर्तुळं आणि शांताच्या शेजारी एक कोरं. ते कुणाचं, हे तिला विचारावं लागलं नाही.

"शांताताईला कुणी सांगितलंच नाही. मला तुमच्यामुळे कळलं. इथे माझं नाव लिहा, ताई."

सुनेत्राला रडू आवरेना. डोळे पुसून तिने त्या कोऱ्या वर्तुळाखाली लिहिलं, कांता.