सोमवारी गुरू मरायचा

ऑफिसात पंखा एक आणि टेबलं चार असली, की किस्से आपोआप साचतात. उन्हाळ्यात सगळे पंख्याखाली, डबे उघडे अन् तोंडंही उघडी! बालाघाटला कालव्यांचे नकाशे काढायच्या त्या खोलीत मी अकरा वर्षं बसलो. आता मित्र म्हणतात, लिहून काढ. लिहायला बसलो की हसवणारे किस्से आधी आठवतात. अर्ध्यावर गेलो की हसू राहत नाही. तरी सांगतो.

खोलीत आम्ही चौघं. गोविंदराव ट्रेसर, म्हणजे इंजिनियरांचे नकाशे पातळ कापडावर गिरवून काढणारे. पन्नाशीचे, काटकुळे, पण हात असा स्थिर की शाईची रेघ केसाएवढीही हलायची नाही. पटले बाबू कारकून. घरी हिंदी, ऑफिसात हिंदी, मराठी सगळं समजायचं. उषाताई टायपिस्ट. त्यांचा नवरा आमच्याच ऑफिसात होता. वारासिवनीच्या रस्त्यावर जीप उलटली, तो गेला, आणि त्याच्या जागी ह्यांना नोकरी मिळाली. आणि चौथा मी, वसंता, सगळ्यांत लहान.

*

गोविंदरावांना एकच शौक. जादू आणि कराटेची पिक्चरं! उडणारी तलवार, डोळ्यांतून ठिणग्या काढणारा जादूगार, पहाडावरचा पांढऱ्या दाढीचा गुरू. असलं पिक्चर गावात लागलं की रविवारी मॅटिनीला गोविंदराव हजर. आणि सोमवारपासून डब्याच्या अर्ध्या तासात ते आम्हाला स्टोरी सांगायचे. एका दिवसात नाही. पुरे सहा दिवस!

"हे पाहा, कोणतं बी पिक्चर असो, त्याचे सहाच तुकडे असतात," ते म्हणायचे. "सोमवारी गुरू मरते. मंगळवारी शिष्य घर सोडते. बुधवारी पहाडावर शिकते. गुरुवारी त्याले जादूची वस्तू भेटते. शुक्रवारी ते वस्तू हरपते. अन् शनिवारी मारामारी, खेळ खतम."

एकदा सोमवारी सरकारी सुटी आली. मंगळवारी डबा उघडायच्या आधीच पटले बाबूंनी विचारलं, "गोविंदराव, कल तो छुट्टी थी. गुरु बच गया क्या?"

गोविंदराव पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "सरकारनं सुटी देल्ली म्हणून कोणाचं मरण टळते का, बाबू?"

आम्ही हसलो. उषाताई हसल्या नाहीत.

*

एका गुरुवारी जादूची तलवार भेटायची होती. गोविंदराव स्टुलावर चढले, हातात नकाशाची लांब पट्टी, म्हणजे टी-स्क्वेअर, आणि गुफेत उडी मारणार तेवढ्यात दारात साहेब!

"ये क्या हो रहा है?"

"सर, नहर की ढलान समझा रहा था."

साहेबांनी स्टूल पाहिलं, टी-स्क्वेअर पाहिला, आणि निघून गेले. दुपारभर आम्ही माना खाली घालून काम केलं. आता काही खरं नाही!

शुक्रवारी बरोबर दीड वाजता साहेब परत दारात. हातात उगाच एक फाइल. दोनदा खाकरले.

"वो कलवाली नहर... गुफा से बाहर निकली कि नहीं?"

*

उषाताई येऊन आठ महिने झाले होते. त्या डबा खायच्या, ऐकायच्या, बोलायच्या नाहीत. एका सोमवारी नेहमीसारखा गुरू मेला. शिष्यांनी तलवारी काढून शपथ घेतली. गोविंदरावांनी पाणी प्यायला तांब्या उचलला.

"गुरूले बायको नव्हती का?" उषाताईंनी विचारलं.

गोविंदरावांचा तांब्या हातातच राहिला.

"असन ना," उषाताई म्हणाल्या. "एवढा मोठा आश्रम. रांधून कोण वाढत होतं? शिष्य तर गेले बदला घ्याले. मंग ते एकटी काय करते मांगं?"

 पटले बाबू लोणच्याची फोड चोखत बसले.

मंगळवारी गोविंदरावांनी सुरुवातच वेगळी केली. शिष्य निघतो. दारात गुरूची बायको उभी असते. तो तिच्या पाया पडतो, तिला विचारतो, "माय, तुमचं कसं?" ती म्हणते, "तू जाय बाबू. मी पाहून घेतो आश्रमाचं." आणि तेव्हापासून प्रत्येक पिक्चरमध्ये गुरूची बायको येऊ लागली! एकीनं तर जादूगाराच्या माणसांना तव्यानं हाणलं.

मग पटले बाबूंनी एक पिक्चर स्वतः पाहिलं. सोमवारी आल्या आल्या ओरडले, "गोविंदराव झूठ बोलते हैं! गुरु की बीवी तो पिक्चर में है ही नहीं!"

उषाताई टाइपरायटरवरून मान वर न करताच म्हणाल्या,

"मले माहीत आहे, बाबू. मी बी पाह्यली ते पिक्चर. तिथं नाही म्हणून इथं बी नको का?"

*

एका रविवारी मी गोविंदरावांबरोबर गेलो. ते सरळ पडद्याजवळच्या बाकड्यांवर जाऊन बसले. तिथं रिक्षावाले, हमाल, घरी न सांगता आलेली पोरं. मी म्हटलं, "मागं बसू ना. मान दुखेल."

"इथून तोंडं साफ दिसतात."

हिरो आला. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. सगळी टॉकीज उजवीकडे हिरोकडे पाहत होती. गोविंदराव डावीकडे पाहत होते. तिकडे तोंडाला काळं कापड बांधलेले जादूगाराचे दहा-बारा लोक उभे होते. हिरोनं एकेकाला लोळवायला सुरुवात केली. एकेक पडला की गोविंदराव पुढं वाकायचे. एक जण उंच भिंतीवरून पाठीवर आपटला. गोविंदरावांनी माझं मनगट धरलं.

"डोक्यावर नाही ना पडला?"

"कोण?"

"तो. डावरा वाटला मले."

इंटरव्हलमध्ये बाहेर चहा घेताना त्यांनी सांगितलं. शेखर, त्यांचा एकुलता एक मुलगा, डावखुरा. गोंदियाला एका मास्तरकडे कराटे शिकला, आणि एक दिवस म्हणाला, मुंबईला जातो, पिक्चरमध्ये फायटर होतो. बापानं विचारलं, फायटरचं काम काय असते? पोरगं खरं बोललं. म्हणालं, मार खायचा अन् पडायचं.

"वसंता, मी त्याले म्हटलं, पडाचीच नोकरी कराची असन तर इथंच विहिरीत पड." गोविंदराव कपाकडे पाहत बोलत होते. "सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीनं गेला. आईले सांगून गेला. मले नाही."

वर्षानं एक पत्र आलं होतं. त्यांच्या खिशातच होतं. 'बाबा, जादूच्या पिक्चरमध्ये काम भेटून राह्यलं. तोंडावर काळं कापड असते, म्हणून वळखू येणार नाही. पण मी असतो.' खाली सही. पत्ता नाही.

"पत्ता नाही टाकला त्यानं," गोविंदराव म्हणाले. "मंग कुठं पाहू? इथंच येतो पाहाले."

घंटी वाजली. आम्ही परत आत गेलो.

*

त्यानंतर शनिवारची मारामारी मी कान देऊन ऐकू लागलो. हिरो भिडायचा, जादूगार मरायचा. पण काळ्या कापडवाल्यांपैकी कोणी म्हणजे कोणी मरत नव्हतं! पडायचे, अंग झटकायचे, आणि जंगलाच्या वाटेनं चालू लागायचे.

पटले बाबू उसळले. "सौ आदमी गिरे, मरा एक भी नहीं? हीरो तलवार मार रहा था कि फूल?"

"त्यायले बी घरी मायबाप असतीन ना, बाबू," गोविंदराव म्हणाले.

डबे धुताना नळावर मी पटले बाबूंना शेखरचं सांगितलं. ते खूप वेळ एकच डबा धूत राहिले.

पुढच्या शनिवारी गोविंदराव मारामारीपर्यंत आले, तसे पटले बाबू मध्येच मोठ्यानं म्हणाले, "गिरे सब. मरा कोई नहीं. आगे बोलिए."

*

गोविंदरावांच्या पत्नी, शांतावहिनी, कधी टॉकीजमध्ये गेल्या नाहीत. पोरगं पडताना पाहवणार नाही, म्हणायच्या. मग गोविंदराव घरी जाऊन सांगायचे, "दिसला आज. तब्येत सुधरली त्याची." शेखर दिसला की वहिनी सोमवारच्या डब्यात आम्हा सगळ्यांसाठी शिरा द्यायच्या. त्यामुळे डबा उघडला की आम्हाला कळायचं, काल पोरगं दिसलं!

एकदा गावात परदेशातलं पिक्चर लागलं. हिंदीत बोलत होते, पण हिरोपासून घोडेवाल्यापर्यंत सगळे चिनी. सोमवारी डबा उघडला. शिरा!

"गोविंदराव," पटले बाबू हळूच म्हणाले, "वो तो चीन की पिक्चर थी."

गोविंदरावांनी प्रत्येकाच्या डब्यात एक एक चमचा शिरा वाढला.

"तोंडावर कापड होतं ना," ते म्हणाले.

आम्ही खाल्ला. चांगला झाला होता.

*

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. शेखरबरोबर खोलीत राहणाऱ्या पोरानं लिहिलेलं. गोविंदरावांनी उभ्याउभ्या वाचलं, घडी केली, आणि शाईच्या बाटलीचं झाकण लावलं.

"कावीळ झालती म्हणे," ते म्हणाले. "घोड्यावरून पडला, भिंतीवरून पडला, उठला. काविळीत पडला अन् नाही उठला."

पटले बाबू त्यांना घेऊन मुंबईला गेले. तिथं सगळं आटोपलं होतं. एक बॅग घेऊन दोघं परत आले. बॅगेत दोन शर्ट, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या आणि एक वही. वहीत त्यानं काम केलेल्या पिक्चरची नावं होती. म्हणजे, नाव एकच. बाकीची पानं कोरी.

तेरवी झाली आणि गोविंदराव कामावर आले. दिवस सोमवारचा होता. डबे उघडले.  पंखा तेवढा कुरकुरत होता. मग गोविंदराव स्वतःच बोलले.

"ह्या पिक्चरमध्ये सोमवारी शिष्यच मेला. गुरू जित्ता आहे." त्यांनी हातातली पोळी परत डब्यात ठेवली. "आता मंगळवारी काय सांगाचं, मले नाही समजत."

मी खाली मान घातली. पटले बाबू उठून खिडकीपाशी गेले. बोलल्या त्या उषाताई.

"मंगळवारी गुरू डबा घेऊन हापिसात येते," त्या म्हणाल्या. "बुधवारी बी येते. काही शिकत नाही, काही भेटत नाही. फक्त येते. मी आलती, तसं."

मंगळवारी गोविंदराव आले. बुधवारीही आले.

*

वहीतलं ते पिक्चर बालाघाटला यायला आणखी एक वर्ष लागलं. शुक्रवारी लागलं. आम्ही तिघं अर्धी रजा टाकून गोविंदरावांबरोबर निघालो, तर रिक्षात शांतावहिनी बसलेल्या. नवी घडीची साडी.

"मले बी याचं आहे," एवढंच म्हणाल्या.

पडद्याजवळच्या बाकड्यांवर आम्ही पाच जण ओळीनं बसलो. इंटरव्हलनंतर दरीवरचा दोरांचा पूल आला. पुलावर सहा जण, सगळ्यांच्या तोंडाला काळं कापड. गोविंदराव पुढं वाकले. कोणाची तलवार डाव्या हातात, ते शोधत होते. सगळ्यांच्या तलवारी उजव्या हातातच होत्या!

"तो मधातला," वहिनी म्हणाल्या. "पायानं पोटरी खाजवून राह्यला, तो."

खरंच, मधला एक जण उभ्याउभ्या एका पायानं दुसरी पोटरी घासत होता. गोविंदराव पाहतच राहिले. वहिनीही पाहत होत्या. मग ढोल वाजायला लागले, पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं, आणि वहिनी उठून बाहेर निघून गेल्या. उषाताई त्यांच्या मागं गेल्या. आम्हाला वाटलं, सहन झालं नाही.

पण शनिवारी वहिनी एकट्या पुन्हा गेल्या. रविवारी गेल्या, सोमवारीही गेल्या. पिक्चर होतं तोवर रोज. मला हे कळलं ते गेटकीपरकडून. तो म्हणाला, तुमच्याबरोबर आलेल्या त्या बाईंना जरा विचारा, काय भानगड आहे. तिकीट पूर्ण काढतात, पूल येईपर्यंत बसतात आणि ढोल वाजले की उठून जातात.

शेवटच्या दिवशी त्याला राहवलं नाही. त्यानं दारातच त्यांना थांबवलं.

"अरे माँजी, अभी कहाँ चलीं? अब तो हीरो आएगा!"

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हौ ना, बाबू," त्या म्हणाल्या. "म्हणूनच."